भिलाईचे पोलाद आणि विक्रांत

रायपूर शहरापासून समुद्र फार दूर आहे. तरीही कोची येथील गोदीत बांधल्या गेलेल्या पहिल्या स्वदेशी विमानवाहू नौकेच्या घडणीत या प्रदेशाचा वाटा आहे. कारण रायपूरच्या पश्चिमेस सुमारे ३० किलोमीटरवर भिलाईचा पोलाद कारखाना आहे.

भारताची पहिली विमानवाहू नौका परदेशी बनावटीची होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये टाईन नदीच्या काठी ‘हर्क्युलिस’ या नावाने तिचे बांधकाम सुरू झाले. परंतु युद्ध संपले आणि ती अपुरीच राहिली. १९५७ साली भारताने ती विकत घेतली. बेलफास्ट येथे ती पूर्ण करण्यात आली आणि ४ मार्च १९६१ रोजी ‘विक्रांत’ या नावाने नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात तिच्यावरील विमानांनी चितगाव व कॉक्स बाजार येथे हल्ले केले. १९९७ मध्ये ती सेवेतून निवृत्त झाली. पुढे आलेल्या ‘विराट’ आणि ‘विक्रमादित्य’ या नौकाही अनुक्रमे ब्रिटन व रशिया यांच्याकडूनच घेतलेल्या होत्या.

अशी नौका देशातच बांधावयाचे ठरले, तेव्हा पहिली अडचण उभी राहिली ती पोलादाची. युद्धनौकेला कोणतेही पोलाद चालत नाही. थंडीत साधे पोलाद ठिसूळ बनते. जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे ‘स्केनेक्टडी’ हे नवे तेलवाहू जहाज संथ पाण्यात, धक्क्याशी उभे असतानाच दुभंगले. पूर्वीच्या रिव्हेट मारलेल्या जहाजात तडा सहसा एका पत्र्याच्या कडेशी थांबे. वितळजोडाने सांधलेल्या जहाजात मात्र सर्व पत्रे एकसंध होत असल्यामुळे तो थेट पुढे सरकत जातो. म्हणून पोलाद बळकट तर हवेच, पण ते चिवट आणि सहज सांधता येणारेही हवे. त्यासाठी कार्बन व गंधक यांचे प्रमाण अल्प ठेवावे लागते, आणि लाटताना तापमानावर काटेकोर नियंत्रण राखावे लागते.

हे पोलाद रशियातून आणण्याचा विचार होता. परंतु पुरवठ्यात अडचणी आल्या व काम रखडले. तेव्हा हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान प्रयोगशाळेने नौदल व भारतीय पोलाद प्राधिकरण यांच्या सहकार्याने ‘डीएमआर २४९’ या जातीचे पोलाद सिद्ध केले. १९५५ च्या करारानुसार सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या ज्या भिलाईत फेब्रुवारी १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेथेच आता परदेशातून न मिळालेल्या पोलादाचे पत्रे लाटले जाऊ लागले. दल्ली-राजहराच्या खाणींतील लोहखनिज या कारखान्याला पिढ्यान्‌पिढ्या पुरत आले आहे. भिलाई, रुरकेला व बोकारो या तीन कारखान्यांनी मिळून सुमारे ३०,००० टन खास पोलाद कोचीला पुरविले.

२८ फेब्रुवारी २००९ रोजी नौकेचा कणा घालण्यात आला. १२ ऑगस्ट २०१३ रोजी तिचे जलावतरण झाले. २६२ मीटर लांबीची ही नौका २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झाली. नाव तेच ठेवण्यात आले : ‘विक्रांत’. जुनी विक्रांत त्यापूर्वीच, २०१४ मध्ये, मोडीत निघाली होती. पहिल्या नौकेची किंमत मोजून ती मिळविता आली होती. दुसरीसाठी मात्र पोलादापासून आरंभ करावा लागला. विलंब पुष्कळ झाला, खर्चही वाढला. परंतु त्या काळात आत्मसात केलेली विद्या देशातच राहिली आणि पुढील युद्धनौकांच्या बांधणीस उपयोगी पडली.