गर्दीतील वर्तनाचा पाठ

खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेल्या करमणूक-उद्यानात खेड्यांतील कुटुंबेही जातात. तेथील मोठ्या पाळण्यांना उंचीची अट असते. रांगेत तिष्ठून ऐनवेळी परत फिरविलेल्या मुलाचे रडे आईबापांस आवरत नाही. यास्तव सुटीपूर्वीच वर्गाच्या भिंतीवर खडूने खुणा करून प्रत्येकाची उंची मोजावी व घरी कळवावी. मापनाचा पाठही त्यातच होतो. चुकामूक झाल्यास मुलाने हिंडू नये, आहे तेथेच थांबावे. पालकांचे नाव, गाव व दूरध्वनी क्रमांक यांची चिठ्ठी त्याच्या खिशात असावी.

रांगेचा पाठ मात्र अंगणातच द्यावा. एकाने जागा धरावी व मागाहून दहांनी घुसावे, हे मुले आपणा मोठ्यांकडूनच शिकतात; शिक्षकही त्यास अपवाद नाहीत.

उद्यान काय, यात्रा काय, गर्दीची रीत एकच. २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन अडीचशेहून अधिक भाविक दगावले. पुढे माणूस पडल्याचे मागून रेटणाऱ्यास दिसत नाही. मुलांस एकामागे एक उभे करून, पहिल्याच्या हातातील पाटीवर काय लिहिले आहे ते शेवटच्यास विचारावे. त्यास सांगता येणार नाही. मग ‘थांबा, मागे सरा’ हे शब्द पुढून मागे तोंडोतोंडी पोचविण्याचा सराव घ्यावा.