लहान ट्रॅक्टरचा लोडर आणि मागचे वजन

ग्रामीण भागातील गोदामांत मालाची चढउतार आजही बव्हंशी माणसाच्या पाठीवर होते. या कष्टाची दखल घेऊनच महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र अधिनियम केला. अलीकडे मात्र सहकारी सेवा संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या, फळांची पॅकिंग केंद्रे आणि अवजारे बँका यांच्याकडे लहान ट्रॅक्टर येऊ लागले असून, त्यांतील काहींना पुढील बाजूस लोडर व पॅलेट उचलण्याचे दोन काटे बसविलेले दिसतात. खताच्या गोण्या, सिमेंट, फळांच्या पेट्या लाकडी पॅलेटवर रचून एकदम उचलल्या म्हणजे दहा जणांचे काम एका चालकाकडून होते. ही सोय स्वागतार्ह आहे. परंतु ट्रॅक्टर हे यंत्र मुळात मागून ओढण्यासाठी घडविलेले आहे. त्याने पुढून उचलावे असे आपण ठरविले, तर त्याच्या तोलाचा विचार नव्याने करावा लागतो. हा विचार न झाल्यास ट्रॅक्टर उलटतो, आणि त्याखाली चालक सापडतो.

बैलगाडी भरणाऱ्या जुन्या माणसांना हा विषय समजावून सांगावा लागत नाही. ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते आणि बैलांच्या मानेवरचे जू वर उचलले जाते, हे त्यांना ठाऊक असते. लोडरच्या बाबतीत हेच उलट दिशेने घडते. पुढील चाकांचा आस हा येथे टेकू असतो. त्याच्या पुढे काट्यांवरचा माल, तर मागे ट्रॅक्टरचे वजन. तरफेचा जो नियम शाळेत शिकविला जातो, तोच येथे चालतो : किती वजन, याइतकेच ते टेकूपासून किती अंतरावर आहे, यालाही महत्त्व असते.

एक उदाहरण घेऊ. समजा, लोडर व काट्यांसह ट्रॅक्टरचे वजन १,४०० किलो असून ते पुढील व मागील चाकांवर ७००-७०० किलो असे विभागलेले आहे. पुढील आस व मागील आस यांत १.६ मीटर अंतर आहे. पॅलेटचा मध्यबिंदू पुढील आसाच्या १.२ मीटर पुढे येतो. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची आहे. आठ गोण्या आणि पॅलेट मिळून सोयीसाठी ४०० किलो धरू. ४०० गुणिले १.२ म्हणजे ४८०, त्यास १.६ ने भागले असता ३०० येतात. म्हणजे हा माल उचलताच मागील चाकांवरचे ३०० किलो वजन नाहीसे होते. मागे उरतात ४०० किलो, आणि पुढील चाकांवर ७०० ऐवजी १,४०० किलो येऊन पडतात.

आता त्याच पॅलेटवर वीस गोण्या रचल्या तर? पॅलेटसह ९२५ किलो होतात. वरीलप्रमाणेच हिशेब केला असता मागील चाकांवर जेमतेम सहा किलो वजन उरते. ट्रॅक्टर जणू पुढच्या दोन चाकांवर उभा राहतो. जमिनीतील एखादा उंचवटा किंवा अचानक दाबलेला ब्रेक त्यास पालथा करण्यास पुरेसा आहे. सुदैवाने अशा वेळी पुष्कळदा लोडरच नकार देतो. हायड्रॉलिक यंत्रणेतील सुरक्षा झडप उघडते आणि काटे वर जात नाहीत. हा नकार म्हणजे यंत्रातील दोष असे समजून मिस्त्रीकडून ती झडप आवळून घेणे हा शुद्ध अविचार होय.

यावर उपाय आहे व तो महाग नाही. ट्रॅक्टरच्या मागे, थ्री-पॉइंट लिंकेजवर, वजन टांगावे. वरील उदाहरणातील ट्रॅक्टरच्या मागील आसाच्या ९० सेंटिमीटर मागे ३०० किलोचे वजन लावले, तर ४०० किलोचा माल उचललेला असतानाही मागील चाकांवर सुमारे ८७० किलो राहतात आणि पुढील आसावरचा भार १,४०० वरून सुमारे १,२३० किलोवर येतो. वजन आसाच्या मागे असल्यामुळे ते मागील चाके तर दाबतेच, शिवाय पुढची बाजू हलकी करते. मागील टायरमध्ये पाणी भरण्याची पद्धत आपल्याकडे सर्वपरिचित आहे व तीही उपयोगी आहे. पण त्या पाण्याचा भार मागील चाकांपुरता राहतो, पुढील आसाचा ताण त्याने कमी होत नाही. टांगण्यासाठी रोटाव्हेटर चालतो. दोनशे लिटरच्या पिंपात काँक्रीट ओतून त्यात लिंकेजसाठी पक्के लोखंड बसविले तर पावणेपाचशे किलोंच्या आसपासचा ठोकळा तयार होतो. मात्र लहान ट्रॅक्टरच्या मागील लिफ्टला एवढे वजन पेलते काय, हे पुस्तिकेत आधी पाहिले पाहिजे. न पेलल्यास पिंप कमी भरावे.

पुढे पालथे होण्यापेक्षा बाजूला उलटण्याचा धोका अधिक फसवा असतो, कारण त्याची पूर्वसूचना चालकास बसल्या जागी मिळत नाही. ट्रॅक्टरला चार चाके असली तरी तोलाच्या दृष्टीने ती तिवई आहे. पुढील आस मधोमध एका खिळीवर झुलतो. त्यामुळे खरे आधार तीनच : मागची दोन चाके आणि पुढची ही खिळी. तिवईचा रुंद भाग मागे व निमुळता भाग पुढे असतो. काट्यांवर ओझे आले की वजनाचा मध्य निमुळत्या टोकाकडे सरकतो आणि ओझे उंच नेले की तो वरही जातो. अशा स्थितीत एक चाक खड्ड्यात गेले किंवा वळण झटक्याने घेतले, तर तोल जाण्यास वेळ लागत नाही. द्राक्षबागांच्या ओळींतून जाता यावे म्हणून घेतलेले अरुंद ट्रॅक्टर या कामी विशेष जपून वापरावेत. त्यांच्या मागील चाकांतील अंतर वाढविण्याची सोय असल्यास लोडरच्या कामापूर्वी ते वाढवावे. मागचे वजन येथेही उपकारक ठरते, कारण ते तोलाचा मध्य पुन्हा रुंद भागाकडे खेचते.

यावरून चालकाच्या सवयी कोणत्या असाव्यात हे सहज लक्षात येईल. पॅलेट काट्यांच्या मुळापर्यंत, पाठीस टेकेल असे घ्यावे. नेताना ते जमिनीपासून वीतभर, फार तर हातभर उंच असावे आणि जेथे ठेवायचे तेथे पोचून, ट्रॅक्टर सरळ व सपाट जागी उभा केल्यावरच वर न्यावे. भरल्या काट्यांनी चढ चढताना तोंड चढाकडे असावे. उतरताना मात्र मागे मागे यावे, म्हणजे ओझे नेहमी उताराच्या वरच्या बाजूस राहते. उताराला आडवे जाऊ नये. बहुतेक लहान ट्रॅक्टरांचे ब्रेक मागील चाकांनाच असतात; तीच चाके हलकी झाली तर ब्रेक कशाला धरणार? म्हणून चारचाकी चालना असल्यास ती जोडलेली असावी, म्हणजे पुढील चाकेही वेग रोखतात. डाव्या-उजव्या ब्रेकची पेडले कडीने एकत्र केलेली असावीत.

काटे वर जाताना साध्या लोडरवर ते चालकाच्या दिशेने कलत जातात, ही गोष्ट नव्या माणसाच्या ध्यानात येत नाही. वरच्या थरातील गोणी घसरून थेट चालकाच्या अंगावर येऊ शकते. उचलता उचलता काटे थोडे थोडे सपाट करीत राहणे, माल दोराने बांधणे आणि काट्यांमागे उंच जाळी बसविणे हे तिन्ही उपाय योजावेत. उचललेल्या पॅलेटखाली कोणीही जाऊ नये. दिव्याचा बल्ब बदलण्यासाठी किंवा फलक लावण्यासाठी माणसाला पॅलेटवर उभे करून वर नेण्याचा प्रकार तर सर्वस्वी वर्ज्य मानावा.

चालकाच्या आसनामागे असणारी संरक्षक कमान आणि आसनपट्टा यांची जोड अभेद्य आहे. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरांवर अशी कमान सक्तीची केली. कमान उभी असताना पट्टा बांधलाच पाहिजे, नाहीतर उलटणाऱ्या ट्रॅक्टरमधून फेकला गेलेला चालक त्याच कमानीखाली सापडतो. मांडवाखाली जाण्यासाठी दुमडलेली कमान लोडर जोडण्यापूर्वी पुन्हा उभी करावी.

खरेदी करणाऱ्या संस्थांचे येथे विशेष उत्तरदायित्व आहे. दरपत्रकात लोडरची क्षमता म्हणून जो आकडा दिलेला असतो, तो बहुधा काटे जोडण्याच्या खिळ्यांपाशी मोजलेला असतो. पॅलेटचा मध्य त्याच्या बराच पुढे असतो आणि काट्यांचे स्वतःचे वजनही त्यातून वजा होते. म्हणून पॅलेटच्या मध्याशी, पूर्ण उंचीवर, किती वजन उचलता येईल असा स्पष्ट प्रश्न विक्रेत्यास लेखी विचारावा. मागील वजन, कमान व पट्टा हे दरपत्रकाचेच भाग असावेत. पैसे वाचविण्यासाठी मागील वजन वगळून लोडर घेणे म्हणजे, माझ्या मते, चालकाच्या जिवावर काटकसर करणे होय. ट्रॅक्टर मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यांनी ही एक ओळ तपासली तरी पुरे.

शिक्षकांना या विषयात एक सोपा पाठ सापडेल. पेन्सिलीवर पट्टी ठेवून नाण्यांनी वरचा हिशेब मुलांकडून करून घ्यावा. गावातील लोडर नंतर दाखवावा.

काम संपल्यावर काटे जमिनीवर टेकवावेत, इंजिन बंद करावे आणि लोडरची दांडी पुढेमागे हलवून नळ्यांतील दाब सोडावा. नळीतून तेल गळत असल्याची शंका आल्यास हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावे. बारीक छिद्रातून मोठ्या दाबाने येणारे तेल कातडीतून आत शिरते; जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी त्या माणसास त्याच दिवशी, विलंब न लावता, शल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयात न्यावे.