माशांची ऊ आणि बांबूच्या पट्ट्या

चिपळूणच्या बाजूला जांभ्या दगडाने बांधलेले गोड्या पाण्याचे तळे आहे अशी कल्पना करा. त्यात रोहू, कटला, मृगळ सोडले आहेत. एके दिवशी मासे खाद्य सोडतात, मध्येच उसळी मारतात, काठच्या दगडावर अंग घासू लागतात. एखादा धरून नीट निरखला, तर खवल्यांवरून मसुराच्या डाळीएवढा चपटा, पारदर्शक ठिपका सरकताना दिसतो. हीच माशांची ऊ!

नावाने ऊ असली तरी ती कीटक नव्हे. ती कोळंबी-खेकड्यांच्या कवचधारी वर्गातली. शास्त्रीय नाव आर्ग्युलस. दोन गोल चूषकांनी ती माशाला चिकटते आणि काट्याने कातडी टोचून रक्त पिते. त्या जखमांत जंतू व बुरशी शिरते आणि लहान मासे दगावतात. वर्षाची मेहनत पाण्यात जाते ती अशी.

नर-मादीचे मीलन माशाच्या अंगावरच होते. पण अंडी घालायची वेळ आली, की मादी चक्क मासा सोडून जाते. परोपजीवी प्राण्याने भरल्या ताटावरून उठावे, हे नवलच नाही का? पोहत जाऊन ती दगडावर किंवा लाकडावर ओळीने अंडी चिकटवते. एका वेळी कित्येक डझन, कधी शेकड्यांनी. उबदार पाण्यात साधारण दोन-तीन आठवड्यांत ती फुटतात. बाहेर पडलेल्या पिलाला दोन-तीन दिवसांत मासा गाठावाच लागतो, नाहीतर उपासमार.

नॉर्वेच्या समुद्रात पाळलेल्या सामन माशांवरची ऊ असे करीत नाही. तिची मादी अंड्यांच्या दोन माळा शेपटीसारख्या मागे बाळगते. तिथे उवा टिपून खाणारे छोटे मासे पिंजऱ्यांत सोडतात.

आपल्याकडची मादी मात्र अंड्यांसाठी खाली उतरते, आणि तिथेच तिला गाठता येते. नुसत्या औषधाने माशावरच्या उवा मरतात, पण टणक कवचातली अंडी बहुधा वाचतात. म्हणून तळ्यात बांबूच्या पट्ट्या किंवा फळ्या टांगतात. माद्या त्यांवर अंडी घालतात. आठवड्याने पट्ट्या काढून कडक उन्हात वाळवायच्या आणि पुन्हा टांगायच्या. आठवड्यानेच का? महिनाभर विसरलात, तर पिले केव्हाच पोहून गेलेली असतील!

जांभ्याच्या बांधाची मात्र पंचाईत असते. तिथे मादीला पट्टीइतकाच दगडही चालतो. अशा तळ्यातले मासे काढल्यावर वैशाखात ते उपसून पूर्ण कोरडे पडू द्यावे लागते.