चिंताविकाराच्या उपचारांना विमा मिळतो का?

प्रश्न : चिंताविकारासाठी मानसोपचारतज्ज्ञांची फी आणि औषधं यांचा दावा विमा कंपनीने नाकारला. काय करू?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : नकाराचं कारण लेखी मागा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 21(4) नुसार मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकंच विमासंरक्षण द्यावं लागतं. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच खर्च देतात. ओपीडीचं संरक्षण नसेल, तर मधुमेहाच्या तपासणीचेही पैसे मिळत नाहीत. तुमचा दावा इथेच अडकला असावा. मात्र ‘मानसिक आजार वगळला आहे’ असं कारण दिलं असेल, तर गप्प बसू नका. आधी कंपनीकडे तक्रार करा. 30 दिवसांत दाद न मिळाल्यास ठाण्याच्या विमा लोकपालांकडे जा. तिथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही. तोवर औषधं मात्र थांबवू नका. 14416 वर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचं समुपदेशन मोफत मिळतं.