बिघाड नेमका कुठे आहे?

संध्याकाळी घरातला दिवा एकदम गेला, तर आपण पहिल्यांदा काय करतो? खिडकीतून शेजारी डोकावतो. शेजारीही अंधार असेल, तर 'लाइट गेली' असे म्हणून मेणबत्ती शोधू लागतो. शेजारी उजेड असेल, तर आपल्याच घरातला पंखा फिरतो आहे का, ते पाहतो. पंखा फिरत असेल, तर बिघाड त्या एका दिव्यापुरता आहे हे कळते. वीजकेंद्रापासून आपल्या दिव्यापर्यंतचा मार्ग शेकडो किलोमीटरचा असेल. पण दोन प्रश्नांतच दोष हाताच्या अंतरावर आला! त्यासाठी एकही हत्यार लागले नाही.

घरचा संगणक बंद पडला, किंवा फॅक्स जाईना, की मात्र हीच माणसे गोंधळतात. कोणी सगळ्या वायरी उपटून पुन्हा लावतो, तर कोणी 'मशीन गेले कामातून' असा निकाल देऊन मोकळा होतो. शेपन्नास रुपयांच्या सेलसाठी चांगला संगणक भंगारात जातो. खरे पाहता दिव्याची युक्ती येथेही तशीच लागू पडते. ती कशी, हे या लेखात पाहू.

साखळी निम्मी करा

जमिनीखालून गेलेल्या नळाचे सोळा तुकडे एकापुढे एक जोडले आहेत आणि त्यांतला एक तुंबला आहे, असे समजा. एकेक तुकडा तपासत गेलो, तर कदाचित पंधरा तपासण्या कराव्या लागतील. त्याऐवजी आठव्या व नवव्या तुकड्यांमधला सांधा उघडला तर? तेथपर्यंत पाणी येत असेल, तर पहिले आठ तुकडे निर्दोष ठरले. उरलेल्या आठांचे पुन्हा दोन भाग करायचे. सोळाचे आठ, आठाचे चार, चाराचे दोन आणि दोनाचा एक. अवघ्या चार तपासण्यांत काम झाले!

या रीतीला दोन पथ्ये आहेत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय बदलले, काय दिसले, ते वहीत लिहायचे. एकदम तीन गोष्टी बदलल्या आणि यंत्र चालू झाले, तर तिघांपैकी दोष कोणात होता, हे कधीच कळणार नाही.

संगणक मुका का झाला?

बटण दाबूनही दिवा लागत नाही, पंख्याचा आवाज येत नाही. येथे साखळी आहे ती भिंतीवरचा प्लग, वायर, वीजपुरवठ्याची पेटी आणि मुख्य पाटी म्हणजे मदरबोर्ड, अशी. त्याच प्लगमध्ये टेबललॅम्प लावून पाहा. तो लागला, तर भिंतीपर्यंतचा भाग ठीक आहे. अनेक मॉनिटरांना आणि संगणकाला एकाच प्रकारची वायर लागते. ती अदलाबदल करून पाहिली की वायरीचाही निकाल लागतो. त्यापुढे वीजपुरवठ्याची पेटी येते. ती मात्र आपण कधीही उघडायची नाही. तिच्यातील धारित्रांत प्लग काढल्यावरही धोकादायक विद्युतभार राहू शकतो. ते काम जाणकारावर सोपवावे.

पंखा फिरतो, पण पडदा काळाच आहे. दोषी कोण, संगणक की मॉनिटर? मॉनिटरची संगणकाकडे जाणारी केबल काढून फक्त मॉनिटर चालू करा. 'सिग्नल नाही' अशा अर्थाची सूचना पडद्यावर आली, तर मॉनिटर जिवंत आहे. आता कान द्या. संगणक सुरू होताना आधी स्वतःचीच तपासणी करतो. पडद्यावर काही दाखवता आले नाही, तर पुष्कळ संगणक 'बीप, बीप' असा आवाज करून दोष सांगतात. किती आवाजांचा काय अर्थ, हे प्रत्येक कंपनीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. स्मृतीची पट्टी, म्हणजे रॅम, खाचेत सैल बसल्यामुळे असे वारंवार होते. ती काढून पुन्हा घट्ट बसवली की काम भागते.

हे करताना मोठ्या माणसाला जवळ बसवा, प्लग काढा आणि पेटीच्या धातूला आधी हात लावा. हिवाळ्यात टेरिलीनचा सदरा काढताना चटचट आवाज होतो, तो स्थिर विजेचा. आपल्याला जाणवेल असा झटका बसतो, तेव्हा विभवांतर सुमारे तीन हजार व्होल्ट असते. संगणकातल्या नाजूक चिप त्याहून कितीतरी कमी व्होल्टनेही बिघडतात, आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही!

धूळ आणि घड्याळ

संगणक सुरू होतो, पण वीस मिनिटांनी मंदावतो किंवा आपोआप बंद पडतो. येथे वेळ हाच पुरावा आहे. सुरुवातीला ठीक आणि नंतर बिघाड, म्हणजे मधल्या काळात काहीतरी वाढत गेले. ते काय असावे? बहुधा तापमान. घरगुती संगणकाच्या अनेक प्रोसेसरांसाठी ६५ वॅट हा आकडा दिलेला असतो. साठ वॅटच्या जुन्या दिव्याला हात लावून पाहण्याची कोणाची छाती होत नसे. तेवढी उष्णता येथे टपालाच्या तिकिटाएवढ्या जागेत निर्माण होते. ती वाहून नेणाऱ्या धातूच्या पात्यांवर धुळीचे पांघरूण बसले, की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि तरीही भागले नाही तर यंत्र बंद करतो. प्लग काढून मऊ ब्रशाने धूळ झाडावी. पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. संगणक सुरुवातीपासूनच मंद असेल, तर मात्र धुळीला दोष देऊ नये. साठवणीची जागा भरली आहे का, एकाच वेळी फार कार्यक्रम चालू आहेत का, ते पाहावे.

आता एक गमतीचा बिघाड पाहू. संगणक चालतो, इंटरनेटही जोडलेले आहे, पण बँकेचे किंवा निकालाचे पान उघडताना 'जोडणी सुरक्षित नाही' असा इशारा येतो. लोक इंटरनेटवाल्याला दूरध्वनी करतात. प्रत्यक्षात दोष असतो रुपयाच्या नाण्याएवढ्या सेलमध्ये! मदरबोर्डवर ३ व्होल्टचा सेल असतो. प्लग काढलेला असतानाही तो आतले घड्याळ चालू ठेवतो. या घड्याळातील क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ कंपने करतो. ही संख्या म्हणजे २ चा १५ वा घात. तिला पंधरा वेळा निम्मे केले की बरोबर एक सेकंद मिळतो. सेल संपला की तारीख कित्येक वर्षे मागे जाते. सुरक्षित पानाच्या प्रमाणपत्रावर 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत' अशी मुदत असते. संगणकाच्या लेखी ती मुदत अजून सुरूच झालेली नसते. म्हणून सर्वप्रथम कोपऱ्यातली तारीख पाहा. काढलेला सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका; तो गिळला गेल्यास जिवावर बेतू शकते.

फॅक्सची भाषा

ई-मेलमुळे फॅक्स मागे पडला असला, तरी अनेक बहुउपयोगी प्रिंटरांत त्याची सोय असते. बिघाड शोधण्याचे शिक्षण घ्यायला तर त्यासारखे यंत्र नाही. स्कॉटलंडचा घड्याळजी अलेक्झांडर बेन याने १८४३ मध्ये तारेवरून चित्र पाठवण्याचे पेटंट घेतले, म्हणजे दूरध्वनीच्या पेटंटाआधी ३३ वर्षे! १९८० मध्ये 'गट ३' हे आंतरराष्ट्रीय मानक ठरल्यावर कोणत्याही कंपनीचे यंत्र दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलू लागले.

हे बोलणे ऐकू येते. पाठवणारे यंत्र दर तीन सेकंदांच्या अंतराने अर्धा सेकंद ११०० हर्ट्झचा सूर काढते. पलीकडचे यंत्र सुमारे तीन सेकंद २१०० हर्ट्झचा, अधिक उंच सूर काढून उत्तर देते. मग दोघांत वेग ठरतो आणि पान जाते. म्हणून ध्वनिक्षेपक चालू ठेवून ऐका. उंच सूर आलाच नाही, तर दोष पलीकडे आहे किंवा क्रमांक चुकला आहे. सूर आला पण पान मध्येच तुटले, तर संशय लाइनवर घ्या.

पानाची प्रत्येक आडवी ओळ १,७२८ बिंदूंची असते आणि उंचीच्या प्रत्येक मिलिमीटरला ३.८५ ओळी असतात. २९७ मिलिमीटर उंचीच्या पानाचे सुमारे वीस लाख बिंदू होतात. सेकंदाला ९,६०० या वेगाने ते जसेच्या तसे पाठवायला साडेतीन मिनिटे लागतील. पण 'येथे सलग इतके पांढरे, मग इतके काळे' असे मोजून पाठवल्याने बराच वेळ वाचतो.

एक गोष्ट लक्षात घ्या : ओळीमागून ओळ जाते, म्हणजे पानाची उंची हा एक प्रकारे काळ आहे! त्यामुळे पानावरचे डागच दोषाचा पत्ता सांगतात. वरपासून खालपर्यंत सरळ उभी रेघ आली, तर दोष सतत एकाच जागी होता. बहुधा कागद ज्या काचेच्या पट्टीवरून सरकतो, तिच्यावर एक धूलिकण चिकटलेला असतो. कागद पुढे जातो, कण जागच्या जागी राहतो, आणि ठिपक्याची रेघ होते. आडवा पट्टा बिघडला, तर दोष क्षणभर येऊन गेला. तो लाइनवरचा खरखराट, किंवा त्याच लाइनवरचा दुसरा फोन कोणीतरी उचलला असेल.

रेघ कोणाची, हे कसे ठरवावे? आपल्याच यंत्रावर त्या कागदाची झेरॉक्स काढा. प्रत स्वच्छ आली, तर आपले यंत्र निर्दोष. प्रतीवरही रेघ असेल, तर यंत्राच्या आत तयार झालेला अहवाल छापा. यात कागद वाचण्याचे काम नसते. अहवाल स्वच्छ असेल, तर काच पुसा. त्यावरही रेघ असेल, तर छपाईचा भाग तपासा. दोन तपासण्यांत निकाल! आणि पलीकडे कोरेच पान निघाले, तर कागद उलटा घातला होता का, ते आधी पाहा.

इंटरनेटवरून चालणाऱ्या दूरध्वनीवर फॅक्स वारंवार तुटतो. त्या यंत्रणेत आवाजाचे तुकडे करून ते पाठवतात. एखादा तुकडा हरवला तरी आपल्या कानाला कळत नाही, पण फॅक्सच्या यंत्राला ते चालत नाही. वेग १४,४०० वरून ९,६०० किंवा त्याहून कमी केला, तर पुष्कळदा काम होते.

शेवटची कडी

२१ नोव्हेंबर २०१८ रोजी जम्मू-काश्मीरमध्ये सरकार स्थापनेचा दावा करणारे आपले पत्र राजभवनाच्या फॅक्सवर जात नाही, अशी तक्रार माजी मुख्यमंत्री मेहबूबा मुफ्ती यांनी केली. त्याच दिवशी विधानसभा विसर्जित झाली. ईदची सुट्टी असल्याने फॅक्सपाशी कोणी नव्हते, असे राज्यपाल सत्यपाल मलिक यांनी नंतर सांगितले. त्यातला राजकीय वाद बाजूला ठेवला, तरी आपल्या दृष्टीने एक धडा उरतो. साखळीची शेवटची कडी माणूस असते. यंत्राने 'पोचले' असे छापले, तरी त्याचा अर्थ यंत्राला पोचले एवढाच. महत्त्वाचे पत्र पाठवल्यावर दूरध्वनी करून विचारणे, हीसुद्धा एक तपासणीच आहे.

स्वाध्याय

१. साखळीत ६४ कड्या असतील, तर निम्मे करण्याच्या रीतीने किती तपासण्या लागतील?

२. तुमच्या यंत्रावरून गेलेल्या फॅक्सवर एकाच ठिकाणी उभी रेघ येते, बाकी सर्व ठिकाणी पान स्वच्छ पोचते. दोष कोणत्या भागात असेल?

३. वीस लाख बिंदू जसेच्या तसे पाठवायला सेकंदाला १४,४०० या वेगाने किती वेळ लागेल?

४. शाळेतील एखादे बंद पडलेले उपकरण घ्या. प्लग काढून ठेवून त्याच्या कड्यांची साखळी वहीत काढा आणि पहिली तपासणी कोठे कराल, ते शिक्षकांना कारणासह सांगा.