परवान्याची बंदूक ठाण्यात, भरमार जंगलात

प्रश्न : पीकरक्षणाची बंदूक वडिलांच्या नावे आहे. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करा. रानडुकरं मात्र धानात. विनापरवाना भरमार बंदूकवाले मोकळेच! मग शस्त्र कायद्याने गुन्हे थांबतात तरी का?
– एक शेतकरी, गोंडपिपरी तालुका

उत्तर : तुमची चीड रास्त आहे. कागद असलेला माणूस सापडतो, म्हणून जाच त्यालाच होतो. पण भरमारवाले मोकळे नाहीत. शस्त्र कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगल्यास दोन ते पाच वर्षे कैद आहे. शेजारच्या गडचिरोलीत तर गावकऱ्यांनी पोलिसांच्या आवाहनावरून भरमार बंदुका आपणहून जमा केल्या आहेत. माझ्या मते परवान्याने सराईत गुन्हेगार अडत नाही. भांडणात, दारूच्या नशेत हाताशी बंदूक असण्याचा धोका मात्र कमी होतो. पीक राखायला कुंपणात वीज सोडून माणसं नि वाघ मारले जातात, त्यावर शस्त्र कायद्याकडे उत्तरच नाही.

एक लक्षात ठेवा : पीकरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. रानडुकराला मारायचे तर वनखात्याची परवानगी लागतेच.

निवडणुकीत सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करणे अपेक्षित नाही. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची किंवा दंगलीची पार्श्वभूमी असलेले यांची प्रकरणे जिल्ह्याची छाननी समिती तपासते. वडिलांवर गुन्हा नसेल, तर पिकाचे कारण देऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे सूट मागा आणि अर्जाची पोच घ्या. निर्णय होईपर्यंत जमा करण्याचा आदेश मात्र मोडू नका.