तंगूस किती जाड हवा?

मराठी विभागासाठी काहीतरी दे, असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने सांगितलं तेव्हा मी आधी पळच काढला होता. बारा वर्षं सिस्टर्सच्या शाळेत काढलेल्या मुलीचं ऱ्हस्व-दीर्घाशी जसं जमतं, तसंच माझंही जमतं. पण 'गळाने मासे पकडण्याबद्दल लिही, तू सारखं तेच बोलत असतेस' असं ती म्हणाली आणि मी फसले. तर मित्रांनो, चुका पोटात घाला.

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील (आम्ही त्यांना आप्पा म्हणतो), उजनीच्या बॅकवॉटरच्या काठावर राहतात. धरण १९८० साली पूर्ण झालं. त्यांचं जुनं घर, वाडा, शेत सगळं पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की जुन्या भिंतींचे दगड वर डोकावतात. हे दगड पुढे लेखात येणार आहेत, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

आप्पांचं साहित्य अगदी साधं. बांबूची काठी, काठीएवढाच लांब तंगूस, ज्वारीच्या धाटाचा तुकडा तरंगायला, एक बारीक गळ आणि त्याला गांडूळ. मासा म्हणजे बहुतेक वेळा चिलापी. हा मूळचा आफ्रिकेतला, भारतात १९५२ साली आणला गेला, आणि आता उजनीत तो इतका झालाय की तो इथला नाही हे सांगितलं तरी कोणाला पटत नाही. काठावर मिळतो तो तळहाताएवढा, पाव किलोच्या आतला. अमेरिकेत ब्लूगिल, क्रॅपी असे तव्यात मावणारे छोटे मासे असतात, त्यांना सरळ 'पॅनफिश'च म्हणतात. आपल्या चिलापीलाही हे नाव शोभेल!

२०२३ च्या दिवाळीत मी आप्पांसाठी पुण्याहून दोन रिळं नेली. एक ०.४० मिलिमीटरचा जाडजूड तंगूस. मेकॅनिकलची विद्यार्थिनी, फॅक्टर ऑफ सेफ्टी जेवढा जास्त तेवढं चांगलं, हा हिशोब. दुसरं रीळ विणलेल्या दोऱ्याचं, ज्याला ब्रेड म्हणतात. केसासारखा बारीक आणि तरी भयंकर मजबूत.

सकाळी जाड तंगूस लावून मी बसले. शेजारी आप्पा त्यांच्या जुन्या, पिवळ्या पडलेल्या बारीक तंगुसाने. बारा वाजेपर्यंत त्यांचे अकरा मासे आणि माझा भोपळा. दुपारी मी हट्टाने त्यांच्या काठीला ब्रेड बांधला. थोड्या वेळाने गळ खाली दगडात अडकला. आप्पांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं, दोरा हाताला गुंडाळला आणि ओढला. तर्जनी आतपर्यंत कापली गेली. आप्पांना शुगर आहे. ती जखम भरायला तीन आठवडे लागले. आई माझ्याशी चार दिवस धड बोलली नाही आणि तिचं बरोबरच होतं. आप्पा मात्र म्हणाले, "दोरा चांगला हाय पोरी, माझंच चुकलं." हे जास्त लागलं. कारण चूक त्यांची नव्हती. मी न समजून घेता वस्तू आणली होती.

कॉलेजला परत आल्यावर एस.ओ.एम.ची वही काढली.

साधा तंगूस म्हणजे नायलॉनचा एकसंध धागा. पाकिटावर ताकद पाउंडात लिहिलेली असते, एक पाउंड म्हणजे ०.४५ किलो. ४ पाउंडाचा तंगूस साधारण ०.२० मिलिमीटर जाड असतो आणि १.८ किलोला तुटतो. क्षेत्रफळाने भागा, ताण येतो सुमारे ५६० मेगापास्कल. लॅबमध्ये आपण जी माइल्ड स्टीलची सळई तोडतो ती साधारण ४०० च्या आसपास तुटते! म्हणजे पाव किलोच्या चिलापीसाठी ०.२० सुद्धा भरपूर झाला. मग माझा जाड तंगूस वाईट का ठरला?

ताकद व्यासाच्या वर्गाने वाढते. ०.२० चा ०.४० केला की ताकद चौपट. पण वाकायला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे सोळा पट. मला चौपट ताकद नको होती आणि सोळा पट ताठरपणा फुकट मिळाला. चिलापी काय किंवा ब्लूगिल काय, हे मासे आमिष चावत नाहीत, पाण्यासकट आत ओढून घेतात. बारीक गळ आणि गांडुळाचा तुकडा यांचं वजन ते किती! मागे ताठ तारेसारखा तंगूस असेल तर आमिष तोंडात जातच नाही, मासा सोडून देतो आणि वर बूच हललेलंही कळत नाही. शिवाय जाड तंगूस रिळावरची वेटोळी विसरत नाही, पाण्यात स्प्रिंगसारखा पडून राहतो. (कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवून हलक्या हाताने ताणला तर वेटोळी बरीच जातात. नायलॉन पाणी शोषतं आणि मऊ होतं. त्याच कारणाने ओला तंगूस कोरड्यापेक्षा थोडा कमी ताकदीचा असतो.)

आता ब्रेड. तो एका विशेष पॉलिएथिलीनचा असतो, जवळजवळ ताणलाच जात नाही. रीळ असलेल्या काठीने लांब फेकायचं असेल तर हा गुणच आहे. पण नायलॉन तुटण्याआधी बराच ताणला जातो, आणि तोच आपला शॉक ॲब्झॉर्बर. मासा झटका देतो तेव्हा ती ऊर्जा तंगूस पितो. दोरा ताणलाच नाही तर सगळा झटका माशाच्या नाजूक ओठावर येतो आणि ओठ फाटून मासा जातो. क्रॅपीला तर अमेरिकेत 'कागदी तोंडाचा' असंच म्हणतात. आणि मासा नसेल, दगड असेल, तर झटका बोटावर. तेवढंच बल, पण टेकायला जागा नावाला. हे समीकरण मी बारावीत पाठ केलं होतं.

तिसरा प्रकार फ्लुओरोकार्बन, दुकानदार हाच गळ्यात मारतात. 'माशाला दिसत नाही' असं सांगतात. यात तथ्य आहे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लुओरोकार्बनचा १.४२, नायलॉनचा १.५३, म्हणून तो पाण्यात कमी उठून दिसतो. पण उजनीच्या गढूळ पाण्यात हातभर खाली काही दिसत नाही, तिथे जास्त पैसे कशाला? तो जडही असतो, बुचाला खाली ओढतो. नितळ पाण्याला ठीक.

मग किती जाड घ्यायचा? उघड्या, स्वच्छ, शांत पाण्यात २ पाउंडही चालतो, पण हात सराईत हवा. नवशिक्याने ४ ने सुरुवात करावी. आमच्या काठावर ते दगड आहेत, म्हणून मी ६ पाउंड, साधारण ०.२३ मिलिमीटर ठरवला. ही जास्तीची जाडी माशासाठी नाही, घासण्यासाठी आहे. पाकिटावरच्या आकड्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. मेट्रॉलॉजी लॅबमध्ये मी मायक्रोमीटरने मोजला तर एका रिळाची जाडी छापल्यापेक्षा जास्त निघाली. (रॅचेट वापरा, नायलॉन दाबला जातो.)

ताकद बघायला होस्टेलचं बाथरूम पुरतं. तंगुसाला रिकामी बादली टांगायची आणि मगाने पाणी ओतत जायचं, एक लिटर म्हणजे एक किलो. बादलीचं वजन धरायला विसरू नका आणि पाय बाजूला ठेवा. मी साधी गाठ मारली तेव्हा तंगूस जवळपास निम्म्या वजनालाच तुटला, तोही गाठीतच. मग क्लिंच गाठ मारली, म्हणजे टोक गळाच्या डोळ्यातून काढून दोऱ्याभोवती पाच वेढे, परत डोळ्याजवळच्या फटीतून आत, आणि आवळण्याआधी ओली करायची. हिला बरंच जास्त पाणी लागलं. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तापते आणि नायलॉन तिथेच कमजोर होतं. आप्पा प्रत्येक गाठ आधी तोंडात धरायचे. लहानपणी मला ते घाणेरडं वाटायचं.

दोन-चार मासे झाले की शेवटचा हातभर तंगूस बोटांतून फिरवून बघा, खरखरीत लागला तर कापून नवी गाठ मारा. उन्हात ठेवू नका. कापलेले तुकडे काठावर तर मुळीच टाकू नका. नायलॉन कुजत नाही आणि भिगवणच्या बाजूला हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात, त्यांचे पाय या तुकड्यांत अडकू शकतात. आप्पा तुकडे खिशात घालून घरी आणतात. आणि धरणात गळ टाकण्याआधी तिथल्या मासेमारांना विचारा, ते पाणी त्यांच्या पोटाचं आहे.

२०२४ च्या दिवाळीत मी ०.२३ चं रीळ नेलं. आप्पांनी तो बोटातून फिरवला, त्याच बोटातून, अजून पांढरा वण आहे. म्हणाले, "हा बरा हाय. गळ ओवून दे, मला डोळा दिसत न्हाई." त्या सकाळी त्यांचे नऊ झाले, माझे सहा. दगडात एकदा अडकला तेव्हा मी आधीच काठी हातात घेतली, टोकाला रुमाल गुंडाळला आणि ओढून तोडला.

०.४० चा जाड तंगूस आता माझ्या होस्टेलच्या खोलीत खिडकीपासून कपाटापर्यंत बांधलाय. ओल्या जीन्स त्याच्यावर मस्त वाळतात.